बिनबैलाची चिवळ

तण उपटणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. तण पेरणारा पाहिलाय कधी? नसेल तर माझ्याकडे नीट बघून घ्या! उमरग्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत, आमच्या गावात भर बहात्तरच्या दुष्काळात मी तणाची शेती केली. नांगरून, पेरून, पाणी घालून! मी सोसायटीचा सेक्रेटरी. कुठलीही नवी गोष्ट आधी मी करायची आणि मग गावानं हसायचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

त्या तणाचं नाव चिवळ. जमिनीला चिकटून पसरते, बारीक गुबगुबीत पानं, तांबूस देठ, चवीला आंबटसर. मुगाची डाळ घालून परतली की भाकरी कमी पडते. एरवी ही न बोलावता येते. खुरपणाऱ्या बाया दिवसभर तिला शिव्या घालत उपटतात आणि संध्याकाळी तीच ओच्यात बांधून घरी नेतात. त्या वर्षी मात्र तिनंही तोंड फिरवलं होतं. रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, म्हणजे मिलोच्या भाकरीबरोबर खायला हिरवं असं काही उरलंच नव्हतं. जी काही उगवली ती गावानं खुडून फस्त केली. उरली ती आमच्या मोरीच्या सांडपाण्यावरची, तळहाताएवढी.

अशात नागपंचमीला मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, पुतळाबाई. बायको मामाचीच मुलगी, म्हणून सासूला मी पहिल्यापासून मामीच म्हणतो. एस. टी.तून उतरल्या त्याच डोळ्यांना पदर लावून! मला वाटलं, मामा गेले!

"मामी, काय झालं? मामा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! जावईबापू, माझ्या ऋषीच्या पंचमीचं यंदा सातवं वरीस."

"मग?"

"मग उजवायचं न्हाय व्हय? सात जणांना ऋषी म्हणून जेवू घालायचं. आन् आमच्या परसात काडी उगवंना! सात वर्सं धरलेलं वरत असं कडंला येऊन बुडणार बगा."

आता हे व्रत असं, की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या रानातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात हातानं लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. हातानं टोकलेली वरई मामींनी गाठोड्यात बांधून आणली होती. अडलं होतं ते भाजीवर.

"हात्तिच्या!" मी म्हणालो. "एवढंच ना? उद्यापन इथंच करा. सात ऋषी काय, सत्तर जेवतील एवढी भाजी मी देतो. जावई कशासाठी असतो?"

दारात माझी बायको शिवकांता उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी टोपली घेऊन ओढ्याकडं गेलो आणि उन्हं वर यायच्या आत टोपली भरून परत आलो! मामी तर दृष्टच काढायला निघाल्या. तेवढ्यात शिवकांतानं टोपलीतली एक काडी उचलली आणि मोडली. मोडल्या जागी पांढऱ्याशुभ्र दुधाचा थेंब आला.

"ही चिवळ न्हाय," ती म्हणाली. "हे दुधाचं तण हाय. चिवळीला कुठं दूध असतंय? सातीच्या साती ऋषी टमरेल घिऊन पळाले असते रानाकडं!"

मामी माझ्याकडे असं बघायला लागल्या, की मी जणू त्यांच्या सात वर्षांच्या व्रतात विष कालवलंय. त्या नजरेनंच मला ती भलतीसलती कल्पना सुचली. उगवत नाही ना? मग पेरायची!

सोसायटीच्या विहिरीजवळ गुंठाभर जागा पडीक होती, पण कुदळ लागू नये इतकी कडक. विहिरीला थोडं पाणी होतं. आणि मुख्य म्हणजे सोसायटीकडं ट्रॅक्टर होता! अख्ख्या पंचक्रोशीत पहिला, लालभडक, पुढच्या चाकाला लिंबं बांधलेला.

"मामी," मी म्हणालो, "बैलाचे कष्ट चालत नाहीत. ट्रॅक्टरचे?"

मामी विचारात पडल्या. शेजारच्या सारजाबाई निवडणं टाकून पुढं सरकल्या. त्यांचंही तेच व्रत.

"त्येला शिंगं हायेत का?" मामींनी विचारलं.

"नाहीत."

"शेण टाकतो का?"

"छे! धूर सोडतो."

"दमतो का?"

"इंजिन तापतं, पण दमत नाही."

"मग चालतंय की!" सारजाबाईंनीच निकाल देऊन टाकला. "ज्येला जीव न्हाय त्येचे कष्ट कसले?"

मामींचा चेहरा असा फुलला म्हणता! "पर जावईबापू, बैलाचा वारासुदिक लागता कामा नये. एवढं सांबाळा."

"मामी, बैल त्या रानाकडं बघणारसुद्धा नाही!" मी म्हणालो. हे वाक्य पुढं मला फार महागात पडलं.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कोंडीराम. त्याला मी बजावून सांगितलं, "कोंडीराम, उद्या मी तालुक्याला बैठकीला जातोय. संध्याकाळी येईपर्यंत ती जागा नांगरून झालीच पाहिजे. आणि ट्रॅक्टरनंच! कळलं?"

"कळलं साहेब. टॅक्टरनंच."

संध्याकाळी परत आलो तर जागा नांगरून तयार! चाकांचे ठसे स्पष्ट उमटलेले. फक्त त्या ठशांच्या मध्ये दुसरेही ठसे होते. खुरांचे! शिवाय एका कोपऱ्यात शेणाचा ताजा पो.

"कोंडीराम! हे काय?"

कोंडीरामनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मोकाट जनावरं हो साहेब. दुष्काळ हाय, फिरतेत बिचारी."

मी तो पो स्वतःच्या हातानं उचलून बांधाबाहेर टाकला, खुरांचे ठसे पायानं पुसले आणि दुसऱ्याच दिवशी तिथं पाटी लावली: 'बैलांना सक्त मनाई. हुकमावरून, सेक्रेटरी.' गाव पाटी वाचायला येऊन गेलं. शेजारच्या हरिबाचा गुलब्या नावाचा बैलही येऊन गेला. तो रोज पाणी पिऊन येताना त्या बांधाशी थांबायचा आणि रानाकडं एकटक बघायचा, मालक आपल्या पिकाकडं बघतो तसा. मी त्याला हाकलून हाकलून दमलो.

आता बी. मोरीवरची सगळी चिवळ मी मुळासकट उपटली आणि शिवकांताच्या जुन्या लुगड्यावर माळवदावर वाळत घातली. आमच्याकडची घरं मातीच्या सपाट छताची, त्यालाच माळवद म्हणतात. चिवळीचं बी असतं खसखशीहून बारीक, काळं कुळकुळीत. तीन-चार दिवसांनी शिडी लावून वर गेलो, लुगडं अलगद गोळा केलं, बी झाडून मधोमध आणलं, खाली तोंड करून निरखायला लागलो आणि काय सांगू! अशी सणसणीत शिंक आली, की निम्मं बी माळवदभर उडालं! शिवकांता तिथंच चिमण्यांसाठी मातीच्या पसरट परळात पाणी ओतत होती. ती दचकली आणि कळशी कलंडली.

"माणसांना प्यायला पाणी नाही आणि तू चिमण्यांना पाजतेस? वर सांडतेस!" मी तिच्यावरच उखडलो.

"शिंकलं कोण?" ती म्हणाली.

उरलेलं बी राखेत मिसळून मी रानात फोकलं. मग पाण्याचा प्रश्न. विहिरीवर मोट होती, पण मोट ओढणार कोण? बैल! मामी म्हणाल्या, मोटेचं पाणी चालणार नाही. इंजिनाला डिझेल नाही. राहिलो कोण? मी! रोज सकाळ-संध्याकाळ मी खांद्यावर कावड घेऊन तणाला पाणी घालायला लागलो. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जाता जाता थांबून बघायचे.

"शेक्रेटरीचं डोस्कं फिरलं," एक जण म्हणायचा.

"येडा का तू? शेक्रेटरी हाय त्यो. तणाची सरकारी योजना आली आसंल. आपल्याला कळू देईना!"

झालं! दोन दिवसांत माझ्या दारात माणसं. तणाच्या योजनेत आमचंही नाव घाला म्हणून! योजना नाही म्हणालो तर एकाचाही विश्वास बसेना. एकानं तर रात्रीतून आपल्या अंगणात काँग्रेस गवत लावून पाणी घालायला सुरुवात केली! माझा खांदा सुजला, हाताला घट्टे पडले, आणि गावात मी एकाच वेळी वेडा आणि लबाड ठरलो.

पण चिवळ उगवली! अशी उगवली की बघत राहावं. सगळं करपलेलं शिवार आणि मधोमध गुंठाभर हिरवीगार सतरंजी. गणपती बसले त्या दिवशी मी मामींना हाताला धरून तिथं नेलं. मामी बांधावर उभ्या राहिल्या आणि घळाघळा रडल्या.

"बैलाचा वारा न लागता पिकवली माझ्या जावयानं!" येईल त्याला त्या सांगायच्या. ऋषिपंचमीच्या सकाळी व्रताच्या सगळ्या बाया पदर पसरून आल्या. मी खुडून खुडून वाटली. सारजाबाईंना तर दोन ओचे भरून दिली. त्या वेळी तालुक्याचा आमदार जरी समोर आला असता तरी मी बसल्या जागेवरून उठलो नसतो.

दुपारी ओसरीवर सात पाट मांडले. सात ऋषी म्हणजे गावातलेच सात जण. मामींच्या हट्टानं त्यात कोंडीरामला पहिला पाट, कारण नांगरलं त्यानं. शेवटच्या पाटावर शेजारचा हरिबा, कारण सातवा मिळेना. पानांवर वरईचा भात आणि चिवळीची भाजी. वासानंच तोंडाला पाणी सुटलं. रीत अशी, की आधी ऋषींचे पाय धुवायचे, ते जेवले की मग व्रत करणाऱ्या बाईनं जेवायचं. मामींच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं.

मामी तांब्या-परात घेऊन कोंडीरामपुढं बसल्या. "आन बाबा पाय. तुज्या टॅक्टरनं माझं वरत पार पडलं."

एवढ्या वडीलधाऱ्या बाईनं पाय धुवायचे म्हटल्यावर कोंडीराम विरघळला. पाय आखडून घेत म्हणाला, "मामी, माझे कशाला धुता? मला संकोच वाटतोय. धुवायचे तर हरिबाच्या गुलब्या-चांद्याचे धुवा की! खरं रान त्यांनीच वडलं!"



"कुणी वडलं?" मामींच्या हातातला तांब्या कलला.

कोंडीरामला अजून कळलंच नव्हतं काय बोलून बसलो ते. "बैलांनी. पहिल्या तासालाच डिझेल संपलं बगा. उमरग्यात बी न्हवतं. साहेबांचा हुकूम, आजच झालं पायजे. मग हरिबाचे बैल टॅक्टरच्या तोंडाला जुपले, चार माणसं मागनं ढकलाय लावली."

"कोंडीराम!" मी किंचाळलो. "मी ट्रॅक्टरनं सांगितलं होतं!"

"टॅक्टरनंच नांगरलं की साहेब! नांगर टॅक्टरलाच हुता. म्या सुकाणू धरून वर बसलो हुतो. फकस्त पुढं बैल हुते!"

खुरांचे ठसे! शेणाचा पो! आणि तो गुलब्या! उगाच नव्हता रोज पीक बघायला येत!

तेवढ्यात सारजाबाई तोंड पुसत दारात. "पुतळाबाई, भाजी अशी झालीया म्हणता! पोटभर जेवले मी." मग आमची तोंडं बघून, "काय झालं?"

झालं ते ऐकल्यावर त्यांनी असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. "अगं आई गं! बैलाचं खाल्लं गं मी! पोटभर खाल्लं!"

"गप बस सारजे," मामी खिन्नपणे म्हणाल्या. "नकळत खाल्लं त्येला दोष न्हाय. तुझं वरत पार पडलं. बुडलं ते माझं. मला कळलं ना आता!" आणि कोंडीरामकडं वळून, "मेल्या, माझा एक घास पोटात जाईपतूर तरी तोंड मिटून बसायचं हुतंस!"

परात तिथंच ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या. रडल्यासुद्धा नाहीत. सात वर्षांचं व्रत, आणि पान वाढलेलं समोर. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी धावत मोरीकडं गेलो. तिथं आपोआप उगवलेली चिवळ होती ना! पण कुठली? बियासाठी मीच मुळासकट उपटली होती. ओढ्याकडं जावं तर तिथं फक्त दुधाचं तण. मी परसात मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अहो," शिवकांता मागून म्हणाली, "शिडी लावा."

"कशाला? उडी मारू?"

"उडी मागनं मारा. आधी वर जाऊन बगा, चिमण्यांच्या परळाशी."

वर गेलो आणि शिडीवरच खिळलो. परळाभोवती वीतभर जागेत, सांडलेल्या पाण्यावर, चिवळ! टवटवीत, ताजी, खालच्या रानातल्यापेक्षा गुबगुबीत! माझ्या शिंकेनं उडालेलं बी! ना नांगर, ना ट्रॅक्टर, ना कावड, ना सेक्रेटरी!

"मामी! सापडली!" मी वरूनच ओरडलो. "माळवदावर! इथं कुठला बैल चढणार?"

खाली एकच गलका झाला. शिवकांतानं मूठभर चिवळ धुतली, चुलीवर परतली. ऋषींना मामींनी हात जोडले, "जेवा बाबांनो, तुमाला काय दोष न्हाय." कोंडीराम मान खाली घालून जेवला. मग मामींचं पान आलं. भाताशेजारी चिमूटभर भाजी. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, घास केला आणि तोंडाकडं नेला.

"मामी," शेवटच्या पाटावरून हरिबा म्हणाला. हरिबा साधा माणूस. मनात आलं ते ओठांवर. "म्या म्हणतो, माळवदावरची ती माती..."

मला एकदम आठवलं! मे महिन्यात माळवदाला नवी माती घातली होती. नदीकाठची पांढरी माती. ती आली होती हरिबाच्या गाडीतून. आणि गाडीला होते गुलब्या-चांद्या! मी हरिबाकडं बघून डोळे वटारले, हात हलवले, मिशा पिळल्या. पण तो काही माझ्याकडं बघेना!

"हरिबा!" मामींचा आवाज असा कडाडला की माझाच हात कानावर गेला. "जेवताना कुणी बोलत असतंय व्हय? माझं जेवण हुईपतूर एक शबूद काडायचा न्हाय!"

हरिबानं तोंड मिटलं. मामी जेवल्या. एरवी तासभर रवंथ करत जेवणारी बाई, पण त्या दिवशी घासावर घास! भाजी संपली, भात संपला, पान चाटूनपुसून लख्ख. पाणी प्याल्या, हात धुतला, पदरानं तोंड पुसलं, समाधानानं ढेकर दिला. मग सावकाश वळल्या.

"हां हरिबा, काय म्हणत हुतास तू?"

"त्येच की मामी. माळवदाची माती माझ्याच गाडीतनं आली. बैलांनीच वडली."

मामींनी दोन्ही हात गालांवर ठेवले. डोळे एवढे मोठे केले! "अगं बया! व्हय? मला गं बाई काईच ठाऊक न्हवतं!"

महिनाभरात मला एकामागोमाग एक धक्के बसले होते, सगळे अस्सल. पण मामींना त्या क्षणी बसलेल्या धक्क्याची सर एकालाही नव्हती! सारजाबाईंनी तर लुगड्याचा बोळा तोंडात कोंबला.

संध्याकाळी मामींनी गुलब्या-चांद्याचे पाय धुतले. घागर अर्थातच मी धरली होती. सवयच झाली होती आता खांद्याला. उमरग्याची एस. टी. आली तेव्हा मी पाया पडलो आणि म्हणालो, "मामी, पुढच्या वर्षी पुन्हा चिवळ लावू. या खेपेला दोन गुंठे!"

मामी पायरीवर थांबल्या. माझ्या सुजलेल्या खांद्यावरून त्यांनी मायेनं हात फिरवला.

"तुमी नका कष्ट करू, जावईबापू," त्या म्हणाल्या. "फकस्त माळवदावर जाऊन एकदा शिंका."